पारपटलाला कंकणाचा आधार

अकरावी-बारावीच्या वयातील मुलाच्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलू लागतो. वाढतो तो प्रामुख्याने सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर, आणि त्याचा अक्षही दर तपासणीत फिरलेला आढळतो. नवा चष्मा आणला तरी फळ्यावरील अक्षरांना सावली दिसते. रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याला फाटे फुटतात. एक डोळा झाकून चंद्र पाहिला तर एकाऐवजी तीन-चार चंद्रकोरी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. घरचे लोक मोबाइलला आणि संगणकाला दोष देतात, चष्म्याचे दुकानदार काच बदलून देतात आणि वर्ष-दोन वर्षे अशीच निघून जातात. अशा तक्रारींच्या मागे पुष्कळदा केराटोकोनस नावाचा विकार असतो. हा विकार वेगाने वाढतो तो नेमका याच वयात. त्यामुळे चष्मे बदलण्यात गेलेली ही वर्षे पुढे महाग पडतात.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. नेत्रदानाच्या संदर्भात बोलीभाषेत ‘बुबुळ’ म्हटले जाते ते हेच. वास्तविक बुबुळ हा त्याच्या मागचा रंगीत पडदा होय. पारपटलाचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारणतः ५४० मायक्रॉन असते. डोळ्याची एकूण भिंगशक्ती ६० डायॉप्टरच्या आसपास धरली तर त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाचे असतात. डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचा क्रमांक त्यानंतरचा. या पडद्याच्या गोलाईत किंचित जरी बदल झाला तरी दृष्टीवर त्याचा केवढा परिणाम होतो, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

पारपटलाला बळकटी देणारा मधला थर कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. एकावर एक रचलेल्या दोनशेहून अधिक पातळ पदरांचा तो गठ्ठाच म्हणायचा. केराटोकोनसमध्ये ही वीण सैल पडते. पदर एकमेकांवरून सरकतात, पडदा पातळ होतो आणि डोळ्यातील नैसर्गिक दाबापुढे तो मध्याच्या जरा खालच्या बाजूस बाहेर झुकतो. गोल घुमट जाऊन तेथे शंकू तयार होतो. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग. त्याला शंकू जोडून विकाराचे नाव तयार झाले. १८५४ साली जॉन नॉटिंगहॅम या ब्रिटिश वैद्याने शंकूच्या आकाराच्या पारपटलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून हा विकार वैद्यकात नीट ओळखला जाऊ लागला. शंकूवरून आत शिरणारे किरण एका बिंदूत एकत्र येत नाहीत. ते अनियमितपणे विखुरतात. चष्म्याची काच नियमित दोष दुरुस्त करू शकते, अनियमित नाही. चष्मा कितीही वेळा बदलला तरी समाधान होत नाही, त्याचे कारण हे आहे.

पाश्चात्त्य वैद्यकग्रंथांत हा विकार दुर्मीळ गणला जात असे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत त्याचे प्रमाण लाखामागे सुमारे ५४ इतके आढळले होते. आपल्याकडील चित्र निराळे आहे. इंग्लंडमधील लेस्टर शहरात गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या रुग्णांची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. तीत आशियाई लोकांमध्ये हे प्रमाण चौपट दिसले आणि त्यांना हा विकार कमी वयात गाठतो असेही आढळले. महाराष्ट्रातील एक पाहणी तर फारच बोलकी आहे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासण्यात आले आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के नोंदवले गेले. या आकड्याकडे सावधपणे पाहायला हवे. पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक असणे एवढाच निकष तेथे लावला होता आणि पृष्ठभागाचा सविस्तर नकाशा काढला नव्हता. मिनेसोटाच्या आकड्याशी त्याची थेट तुलना होऊ शकत नाही. तरीही आपल्याकडे हा विकार दुर्मीळ म्हणून बाजूला सारता येणार नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

विकाराचे मूळ काही अंशी आनुवंशिक आहे. पण ज्या कारणावर माणसाचा ताबा आहे ते म्हणजे डोळे चोळणे. ॲलर्जीमुळे खाज सुटणारे डोळे, उन्हाळ्यातील धूळ आणि रुमालाने किंवा बोटांच्या पेरांनी जोरजोरात डोळे चोळण्याची मुलांची सवय यांचा या विकाराशी निकटचा संबंध आहे. आधीच कमकुवत असलेली वीण रोजच्या चोळण्याने आणखी उसवते. ‘चोळू नकोस’ असे नुसते बजावून मूल थांबत नाही. खाजेवर औषध दिले तरच ते थांबते. या विकारात ॲलर्जीचा उपचार दुय्यम मानला जातो, ही चूक आहे. तो पहिला उपचार आहे.

नकाशावरून निदान

विकार पुढे गेला तर नेत्रतज्ज्ञाला तो साध्या उपकरणांनीही ओळखता येतो. रुग्णाने खाली पाहिले की खालच्या पापणीला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा बाक येतो, शंकूच्या पायथ्याशी लोहाच्या साठ्याचे तपकिरी वलय दिसते. पण तोवर बराच उशीर झालेला असतो. प्रारंभीची अवस्था पकडते ती पारपटलाची टोपोग्राफी. पोर्तुगालच्या अंतोनियो प्लासिदो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात काळ्या-पांढऱ्या वलयांची तबकडी डोळ्यासमोर धरून पारपटलात पडणारे तिचे प्रतिबिंब पाहण्याची युक्ती काढली. निरोगी पारपटलात वलये समान अंतरावर दिसतात, शंकू असेल तेथे ती दाटीवाटीने गोळा होतात. आजची यंत्रे हेच काम संगणकाच्या साहाय्याने करतात. पारपटलाची मागची बाजू आणि प्रत्येक बिंदूवरील जाडीही ती मोजून देतात. रंगीत नकाशावर खालच्या भागात लाल डाग दिसला की तज्ज्ञ सावध होतात.

ही तपासणी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. चष्मा घालवण्यासाठी केल्या जाणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेत पारपटलाचा काही भाग लेसरने काढून टाकला जातो. सुप्त केराटोकोनस असलेल्या डोळ्यावर ती झाली तर आधीच अशक्त पडदा आणखी पातळ होतो आणि झपाट्याने फुगू लागतो. १९९८ साली थिओ झायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. तेव्हापासून लॅसिकपूर्वी टोपोग्राफी करणे हा सर्वमान्य नियम झाला आहे. लग्न ठरले म्हणून किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीसाठी घाईघाईने चष्मा काढायला निघालेल्या अनेक तरुणांना आपल्याला केराटोकोनस आहे हे प्रथम या टेबलावर कळते. लॅसिकला नकार मिळाल्याने ते हिरमुसतात. वास्तविक त्या नकाराने त्यांचा डोळा वाचवलेला असतो.

निदानानंतर उपचारांच्या पायऱ्या सुरू होतात. सौम्य विकारात चष्म्यावर भागते. त्यानंतर वायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स येतात. आपल्याकडे दुकानांत त्यांना ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात. अशी लेन्स शंकूवर बसली की तिच्या आणि पारपटलाच्या मधली पोकळी अश्रूंनी भरून निघते आणि प्रकाशाला पुन्हा एक गुळगुळीत गोलाकार पृष्ठभाग मिळतो. चष्म्याने जे साधत नाही ते या लेन्सने सहज साधते. अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटू स्टीफन करी याने आपल्याला केराटोकोनस असल्याचे आणि आपण लेन्स वापरू लागल्याचे २०१९ साली जाहीर केले होते. पण शंकू उंच होत गेला की लहान लेन्स त्यावर टिकत नाही, टोचते किंवा निखळून पडते. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स हा पर्याय उरतो. ती महाग असते, रोज घालण्या-काढण्याचा सराव लागतो आणि धुळीच्या ठिकाणी काम करणाऱ्याला किंवा लोकलच्या गर्दीत तासन्‌तास प्रवास करणाऱ्याला तिची निगा राखणे सोपे नसते. लेन्स सोसत नाही आणि पारपटल बदलण्याची वेळ अजून आलेली नाही, अशा मधल्या टप्प्यावरील रुग्णांसाठी पारपटलात बसवायच्या कंकणांचा उपाय पुढे आला.

चष्मा घालवण्यासाठी निघालेली कंकणे

या कंकणांचा जन्म केराटोकोनससाठी झालेला नाही, हे त्यांच्या इतिहासातील गमतीचे प्रकरण आहे. स्पेनमध्ये जन्मलेले आणि कोलंबियातील बोगोटा शहरात काम केलेले होसे इग्नासिओ बाराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पारपटलाचा आकार बदलण्याचे शास्त्र उभे केले. पारपटलाच्या कडेला भर घातली किंवा मध्यातून काही काढले तर मध्यभाग सपाट होतो. उलट केले तर तो अधिक फुगतो, असा त्यांचा सिद्धांत होता. लॅसिक हा या सिद्धांताचा ‘मध्यातून काढण्याचा’ अर्धा भाग, तर कंकणे हा ‘कडेला भर घालण्याचा’ दुसरा अर्धा भाग. १९७८ साली अमेरिकेतील रेनॉल्ड्स यांनी निकटदृष्टिता, म्हणजे दूरचे न दिसण्याचा दोष, घालवण्यासाठी पारपटलाच्या कडेला वर्तुळाकार कडे बसवण्याची कल्पना मांडली. पुढे पूर्ण कड्याऐवजी दोन अर्धकंकणे बसवणे सोपे आहे असे दिसून आले. केराव्हिजन या कंपनीने ‘इंटॅक्स’ नावाने ती बनवली आणि एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उणे एक ते उणे तीन डायॉप्टर नंबरासाठी त्यांना मान्यता दिली.

तोवर लॅसिकची लाट आली होती. लेसरने काही मिनिटांत कितीतरी मोठा नंबर जात असताना डोळ्यात प्लास्टिक बसवून घ्यायला फारसे कोणी तयार होईना. २००१ साली ती कंपनी बंद पडली आणि तिचे उत्पादन दुसऱ्या कंपनीकडे गेले. येथेच ही कथा संपायची. पण फ्रान्समध्ये जोसेफ कोलँ यांनी १९९७ सालीच ही कंकणे केराटोकोनसच्या डोळ्यात बसवून पाहिली होती आणि २००० साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. लॅसिक ज्या डोळ्यांना निषिद्ध, नेमका त्याच डोळ्यांना या मागे पडलेल्या साधनाचा उपयोग होता. कारण त्यात पारपटलातून काही काढावे लागत नाही. तिकडे ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे पाउलो फेरारा यांनी १९८६ पासून स्वतंत्रपणे प्रयोग चालवले होते. त्यांच्या कंकणाचा छेद त्रिकोणी आणि वर्तुळ लहान, सुमारे पाच मिलिमीटरचे. इंटॅक्सचा छेद षटकोनी आणि आतील व्यास पावणेसात मिलिमीटरच्या घरातला. याच फेरारा पद्धतीची अनेक कंकणे आज जगभर वापरात आहेत.

कंकणे बनतात ती पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हे तुकडे डोळा मुकाट्याने सहन करतो असे ब्रिटिश शल्यविशारद हॅरल्ड रिडले यांच्या ध्यानात आले आणि १९४९ साली त्यांनी या जातीच्या प्लास्टिकचे पहिले कृत्रिम भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. पारपटलातील कंकण त्याच कुळातले.

ते काम कसे करते हे समजण्यासाठी गच्चीवरील कपडे वाळत घालायच्या दोरीचे उदाहरण घेता येईल. दोन्ही टोके खांबांना पक्की बांधलेली दोरी सैल पडून मध्ये झोळ आला आहे. दोरी न कापता, न सोडता दोन्ही टोकांजवळ तिच्याखाली एकेक ठोकळा सारला तर दोरीला त्या ठोकळ्यावरून वळसा घ्यावा लागतो, तिची काही लांबी त्या वळशात खर्च होते आणि मधला झोळ कमी होतो. पारपटलाचे कोलॅजेन तंतू कडेला डोळ्याच्या पांढऱ्या भागात रोवलेले असतात. त्यांच्या पदरांमध्ये कंकण सारले की तंतूंना त्याला वळसा घालावा लागतो आणि मधला फुगवटा त्या प्रमाणात बसतो. कंकण जितके जाड आणि त्याचे वर्तुळ जितके लहान, तितका परिणाम अधिक. शिवाय शंकू बहुधा खालच्या बाजूला असल्याने कंकणांची जोडी समान असतेच असे नाही. खाली जाड आणि वर पातळ, किंवा केवळ खाली एकच, अशी निवड नकाशा पाहून केली जाते. त्यामुळे शंकूचे टोक जरा मध्याकडेही सरकते. कंकणाच्या कमानीची लांबी, जाडी आणि जागा यांची कोष्टके उत्पादक देतात, पण त्यांचे गणित अचूक लागू पडेल याची खात्री नसते. दोन सारख्या दिसणाऱ्या शंकूंवर एकाच मापाच्या कंकणाचा परिणाम वेगवेगळा होऊ शकतो.

शस्त्रक्रिया तशी छोटी असते. डोळा थेंबांनी बधिर करतात, भूल द्यावी लागत नाही. पारपटलाच्या जाडीच्या साधारण ७० ते ८० टक्के खोलीवर वर्तुळाकार बोगदा तयार केला जातो. पूर्वी हा बोगदा खास वक्र पात्याने हाताने केला जाई. आता बहुतेक मोठ्या केंद्रांत फेम्टोसेकंद लेसर ते काम काही सेकंदांत करतो आणि खोली अधिक नेमकी राखतो. बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेल्या लहानशा छेदातून कंकण आत सरकवले जाते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पहिले काही दिवस डोळा खुपतो, पाणी येते, दृष्टी कमी-जास्त होत राहते. ती स्थिरावायला काही महिने लागतात आणि चष्म्याचा किंवा लेन्सचा अंतिम नंबर त्यानंतरच काढायचा असतो.

काय मिळते, काय मिळत नाही

प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांत पारपटलाची वक्रता सरासरी तीन ते पाच डायॉप्टरने कमी झाल्याचे दिसते. तक्त्यावरच्या काही ओळी अधिक वाचता येतात. चष्म्याने जे दिसत नव्हते ते दिसू लागते आणि पूर्वी न बसणारी लेन्स आता बसू शकते. रुग्णाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतर चष्मा कायमचा जाईल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे मानू नये. बहुसंख्य रुग्णांना नंतरही चष्मा किंवा लेन्स लागतेच. फरक इतकाच की तिचा आता उपयोग होतो. काही डोळ्यांत सुधारणा नाममात्र होते, थोड्यांत मुळीच होत नाही.

अमेरिकेत २००४ साली केराटोकोनससाठी या कंकणांना परवानगी मिळाली तिचे स्वरूपही समजून घेण्याजोगे आहे. थोड्या रुग्णांना होणाऱ्या विकारांवरील साधनांना जी मानवतावादी सवलत दिली जाते, तिच्याखाली ही परवानगी होती. अशा सवलतीत परिणामकारकतेचा नेहमीइतका कडक पुरावा मागितला जात नाही. अटी मात्र नेमक्या होत्या. रुग्ण २१ वर्षांचा किंवा मोठा असावा, चष्मा वा लेन्सने त्याचे रोजचे व्यवहार नीट होत नसावेत, पारपटलाचा मध्य स्वच्छ असावा, छेद घ्यायच्या जागी जाडी किमान ४५० मायक्रॉन असावी आणि अन्यथा प्रत्यारोपण हाच मार्ग उरलेला असावा. उद्देश सांगितला होता तो प्रत्यारोपण लांबवण्याचा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ साली दोन वेगळे निर्णय दिले. निव्वळ चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी ही कंकणे वापरू नयेत, केराटोकोनससाठी मात्र त्यांच्या वापराला पुरेसा आधार आहे, असे तिचे मत पडले. एकाच वस्तूविषयीचे हे दोन निकाल शेजारी ठेवले की तिचे खरे स्थान कळते. ज्याच्याजवळ सुरक्षित पर्याय आहे त्याच्यासाठी ती नाही.

म्हणूनच निवड महत्त्वाची. मध्यभागी व्रण असेल तर कंकणाने आकार सुधारून काही साधत नाही, कारण प्रकाशाची वाट त्या पांढऱ्या डागानेच अडवलेली असते. पारपटल फार पातळ असेल तर बोगदा धोक्याचा ठरतो. शंकू अतिशय उंच, ६० डायॉप्टरच्या आसपास किंवा पलीकडे गेला असेल तर लाभाची शक्यता घटते. आणि विरुद्ध टोकाला, ज्याला चष्म्याने तक्त्याची शेवटची ओळ वाचता येते त्याने ‘लवकर केलेले बरे’ म्हणून हा मार्ग धरण्याचे कारण नाही.

धोकेही आहेत, जरी ते फार वारंवार घडत नसले तरी. बोगदा उथळ झाला तर कंकणावरचा पातळ थर झिजतो आणि कंकण बाहेर डोकावू लागते. ते जागचे सरकू शकते. छेदाच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो वेळीच न ओळखल्यास दृष्टीवर बेततो. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे ही अनेकांची तक्रार असते, विशेषतः अंधारात ज्यांची बाहुली मोठी होते अशा तरुणांची. रात्रपाळीचे वाहनचालक असलेल्या रुग्णाने हा मुद्दा आधी विचारून घ्यावा. या साऱ्यावर एक दिलासा असा की कंकण काढता येते, बदलता येते आणि काढल्यावर पारपटल बहुतांशी आपल्या पूर्वीच्या आकाराकडे परतते. पुढे प्रत्यारोपण करावे लागले तर तो मार्गही खुला राहतो.

सर्वांत मोठा गैरसमज निराळाच आहे. कंकणाने शंकू बसतो, पण विकार थांबतो असे नाही. वीण सैल होण्याची मूळ प्रक्रिया चालू असेल तर काही वर्षांनी शंकू पुन्हा डोके वर काढतो. विकाराची वाढ रोखणारा उपचार म्हणजे क्रॉसलिंकिंग. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झायलर, स्पोर्ल आणि वोलेनझाक यांनी तो विकसित केला आणि २००३ साली माणसांवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पारपटलाचा वरचा नाजूक थर दूर करून त्यावर रिबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब अर्धा तास घालतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश सोडतात. त्या अभिक्रियेतून कोलॅजेन तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि पडदा ताठ होतो. आतील पेशींना इजा होऊ नये म्हणून मूळ पद्धतीत पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. अमेरिकेत या उपचाराला २०१६ साली मान्यता मिळाली. युरोपात आणि भारतात तो त्याच्या कितीतरी आधीपासून होत होता. क्रॉसलिंकिंग थांबवते, पण आकार फारसा सुधारत नाही. कंकण आकार सुधारते, पण थांबवत नाही. त्यामुळे वाढत्या विकारात दोन्ही उपचार एकत्र किंवा एकामागून एक करण्याची पद्धत रूढ झाली आहे. वाढत्या वयातील मुलाला केवळ कंकण बसवून घरी पाठवणे हा अर्धवट उपचार होय.

अलीकडच्या काळात या विषयात एक मोलाची भर भारतातून पडली. चेन्नईच्या डॉ. सूझन जेकब यांनी प्लास्टिकच्या कंकणाऐवजी नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचीच कमान कापून ती बसवण्याची पद्धत मांडली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘केअर्स’ म्हणतात. परक्या प्लास्टिकच्या जागी मानवी ऊती असल्याने ती कमी खोलीवरही बसवता येते आणि झिजून बाहेर येण्याची भीती कमी राहते. आणखी एक गोष्ट नेत्रदानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पूर्ण प्रत्यारोपणासाठी पारपटलाच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी जिवंत आणि पुरेशा संख्येने असाव्या लागतात. त्या कमी असल्या तर दान केलेले पारपटल त्या कामासाठी बाजूला ठेवावे लागते. कंकणासाठी मात्र मधला थर पुरतो. म्हणजे एरवी पूर्ण प्रत्यारोपणाला न चालणारे पारपटलही एखाद्या तरुणाच्या कामी येऊ शकते. अर्थात प्लास्टिकच्या कंकणांमागे पाव शतकाहून अधिक अनुभव आहे, तितका या पद्धतीमागे अद्याप जमा व्हायचा आहे.

या सर्व उपायांच्या पलीकडे प्रत्यारोपण उभे असते. १९०५ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी माणसाच्या पारपटलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. आज केराटोकोनसमध्ये शक्यतो सर्वांत आतला थर रुग्णाचाच ठेवून वरची जाडी तेवढी बदलतात. त्यामुळे डोळ्याने नवे पारपटल नाकारण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. निकाल बहुधा चांगले लागतात. पण टाके महिनोन्‌महिने राहतात, दृष्टी स्थिर व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो, डोळ्याला मार लागला तर जोड उसवण्याची भीती आयुष्यभर राहते आणि विसाव्या वर्षी बसवलेले पारपटल सत्तरीपर्यंत पुरेल याची हमी कोणी देत नाही. तरुण रुग्णाच्या बाबतीत प्रत्यारोपण पाच-दहा वर्षे जरी पुढे ढकलता आले, तरी त्याचे शिक्षण आणि नोकरीची सुरुवात त्या काळात पार पडते. कंकणाचे मोल मापायचे ते या हिशेबाने.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाने आणि पालकांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. गेल्या वर्षभरातील दोन-तीन नकाशे शेजारी ठेवून विकार वाढतो आहे की थांबला आहे हे दाखवता येईल का? स्क्लेरल लेन्स घालून पाहिली का? बोगद्याच्या जागी जाडी किती आहे? क्रॉसलिंकिंग आधी, नंतर की सोबत? कंकण काढावे लागले तर त्याचा खर्च वेगळा पडेल का? चांगला नेत्रतज्ज्ञ या प्रश्नांनी नाराज होत नाही. जुने अहवाल आणि नकाशे जपून ठेवावेत, कारण या विकारात एका तपासणीपेक्षा दोन तपासण्यांमधला फरक अधिक सांगतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने नकाशा काढण्यापूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवावी. लेन्सने दबलेले पारपटल खोटा आकार दाखवते.

कंकणे बसवल्यानंतर थेंबांचे वेळापत्रक पाळावे लागते, सुरुवातीला डोळ्यात नळाचे पाणी जाऊ द्यायचे नसते आणि पोहणे काही आठवडे बंद ठेवावे लागते. डोळा अचानक लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईनासा झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डोळे चोळण्याची बंदी मात्र काही आठवड्यांची नाही, ती कायमची असते. आणि घरात एकाला केराटोकोनस निघाला की सख्ख्या भावंडांची टोपोग्राफी करून घ्यावी, त्यांची कसलीही तक्रार नसली तरी. रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांत या विकाराचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. धाकट्या भावंडात तो अगदी प्रारंभी सापडला तर क्रॉसलिंकिंगवर भागते आणि कंकणापर्यंत जाण्याची वेळ बहुधा येत नाही.